वाचता न येणारी मुलाखत

१९९४ साली कॅलिफोर्नियातल्या ‘रे गन’ या संगीत मासिकाने ब्रायन फेरी या इंग्लिश गायकाची मुलाखत छापली, आणि तिचा एक शब्दही वाचता येणार नाही अशा रीतीने छापली. जिथे रोमन अक्षरं असायची तिथे चांदण्या, हिमकण, फुलं, काळे चौकोन, टोक वर केलेले आणि टोक खाली केलेले त्रिकोण. ओळींमागून ओळी तशाच. शब्दांमधल्या मोकळ्या जागा मात्र जिथल्या तिथे, त्यामुळे हे काहीतरी लिहिलेलं आहे, कुणीतरी काहीतरी बोललेलं आहे, एवढं कळत राहतं.

छापखान्यात काही बिघडलं नव्हतं. मासिकाचा कलासंपादक डेव्हिड कार्सन याने मुलाखत वाचली आणि ती त्याला अतिशय कंटाळवाणी वाटली. तिला शोभेल असा टंक शोधत तो आपल्या संगणकावरची फाँटांची यादी वरून खाली चाळत गेला आणि सगळ्यात शेवटच्या नावावर येऊन थांबला. ते नाव होतं झाफ डिंगबॅट्स. या फाँटात अक्षरं नाहीत, फक्त चिन्हं आहेत. कार्सनने अख्खी मुलाखत त्यात लावली. पुढे २००७ सालच्या ‘हेल्व्हेटिका’ या माहितीपटात त्याने स्वतःच ही हकिकत सांगितली.

डिझाइनच्या वर्गांमध्ये हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याची दंतकथा झाली आहे. बंडखोर मांडणीकार, रटाळ मुलाखत, एक झकास सूड. किस्सा म्हणून तो तिथे संपतो. पण संगीत मासिकातला लेख नेमका कशाने बोलतो, भाषेने की मांडणीने, हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारणारं दुसरं पान मला माहीत नाही. म्हणून या लेखात मी ते पान सावकाश वाचणार आहे. भाषा काढून घेतल्यावर लेखात काय उरतं, आणि काय जातं, हे त्या पानावर दिसतं.

* * *

आधी साधा, सरळ लेख कसा बांधलेला असतो ते बघू. ब्रिटनमधल्या शाळांमध्ये माध्यम-अभ्यास हा विषय घेणारी मुलं अनेक वर्षं एक ठरलेला प्रकल्प करायची: एका काल्पनिक संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुलाखतीचं जोडपान तयार करायचं. हे काम सोपं वाटतं, पण त्यात एक अख्खं व्याकरण शिकावं लागतं. जोडपानाच्या एका बाजूला कलावंताचं मोठं छायाचित्र. नजर बहुधा थेट वाचकाकडे. शीर्षकात गाण्यातल्या एखाद्या शब्दाचा खेळ. त्याखाली दोन-तीन वाक्यांत लेखाचा मथितार्थ, आणि त्यातच लेखकाचं व छायाचित्रकाराचं नाव. पहिलं अक्षर चार-पाच ओळींच्या उंचीचं. मधेच एखादं वाक्य उचलून मोठ्या टाइपात.

हे उचललेलं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण बरेचसे वाचक छायाचित्र, शीर्षक आणि ते वाक्य एवढंच वाचून पान उलटतात. तासभर बोललेल्या माणसाचं कोणतं वाक्य मोठं करायचं हे अनेकदा लेखकाच्या हातातही नसतं. ते पान लावणाऱ्या टेबलावर ठरतं. बहुधा सगळ्यांत बेसावध वाक्य निवडलं जातं. म्हणजे मांडणी मुलाखतीवर मत देतच असते, फक्त ते मत कुणाच्या नावावर छापलेलं नसतं.

भाषेचेही साचे आहेत. इंग्रजी संगीत मासिकांतला लेख वर्तमानकाळात सुरू होतो. गायक हॉटेलच्या खोलीत शिरतो, खुर्चीत बसतो, काहीतरी प्यायला मागवतो. त्याच्या कपड्यांवर दोन वाक्यं. मग त्याच्या बालपणाकडे एक उडी, पुन्हा खोलीत, मग नवा अल्बम. अल्बम येणार असतो म्हणूनच तर ही भेट ठरलेली असते. रेकॉर्ड कंपनी गायकाला दिवसभर एका जागी बसवते आणि पत्रकार एकामागून एक आत जातात. सकाळी अकराला दिलेलं उत्तर संध्याकाळी पाचलाही दिलं जातं. कार्सनला आलेला कंटाळा एकट्या फेरीमुळे आलेला नसावा. त्यामागे एक अख्खी व्यवस्था आहे, आणि आजही ती तशीच चालू आहे.

या साच्यांतून उत्तम लेखनही निघालं. ‘रोलिंग स्टोन’ १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत निघालं तेव्हा ते वर्तमानपत्रासारखं दिसत होतं. संपादक जान वेनर आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी राल्फ ग्लीसन यांना रॉक संगीताविषयी गंभीरपणे लिहायचं होतं, आणि गांभीर्य दिसावं म्हणून पानांभोवती जुन्या पुस्तकांतल्यासारख्या एक जाड, एक बारीक अशा दुहेरी रेघा आल्या. मासिकाचं नाव मात्र सायकेडेलिक पोस्टर काढणाऱ्या रिक ग्रिफिनच्या वळणदार अक्षरांत. म्हणजे वर हिप्पी, खाली ग्रंथालय. मजकुरातला एक शब्दही न वाचता मासिकाची भूमिका कळत होती. याच मासिकात १९७३ साली कॅमेरन क्रो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मुखपृष्ठकथा लिहीत होता. आणि वेनरने घेतलेली जॉन लेननची प्रदीर्घ मुलाखत १९७१ च्या आरंभी याच मासिकात दोन अंकांत आली. तिथे सजावट नको होती, कारण माणूस जिवाच्या आकांताने बोलत होता. प्रश्न आणि उत्तरं, उत्तरं आणि प्रश्न.

त्याच लेननचं अॅनी लायबोविट्झने ८ डिसेंबर १९८० रोजी छायाचित्र घेतलं, आणि काही तासांत त्याचा खून झाला. १९८१ च्या जानेवारीतल्या ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर ते आलं तेव्हा मासिकाच्या नावाखेरीज त्यावर मथळ्याचा एकही शब्द नव्हता. शब्द काढून घेणं हा मांडणीतला सगळ्यांत मोठा उद्गार असू शकतो, हे कार्सनच्या आधी तेरा वर्षं सिद्ध झालेलं होतं.

ब्रिटिश मासिकांची तऱ्हा निराळी. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १९७६ मध्ये तरुण, उर्मट लेखक हवेत अशी जाहिरात दिली आणि तिथली भाषा पंक संगीताइतकीच ओबडधोबड, भांडखोर झाली. ‘स्मॅश हिट्स’ कोवळ्या वयाच्या वाचकांसाठी गाण्यांचे शब्द छापायचं आणि बड्या तारकांना मुद्दाम बाळबोध प्रश्न विचारायचं. तिथे साहाय्यक संपादक असलेला नील टेनंट पुढे ‘पेट शॉप बॉइज’चा गायक झाला. १९८० मध्ये निघालेल्या ‘द फेस’मध्ये नेव्हिल ब्रॉडीने आणखी एक गोष्ट करून पाहिली. अनुक्रमणिकेच्या पानावरचा ‘अनुक्रमणिका’ या अर्थाचा शब्द तो अंकागणिक थोडाथोडा मोडत गेला. अक्षरांचे अवयव गळत गेले, शेवटी नुसत्या खुणा उरल्या. वाचकांचं काही अडलं नाही. ते पान कुठे असतं आणि कसं दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. जागा आणि सवय यांनी अक्षरांचं काम आपल्याकडे घेतलं होतं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. कमल शेडगे यांनी काढलेली मराठी नाटकांची शीर्षकं वर्तमानपत्राच्या जाहिरातींत ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली, त्यांना नाटक विनोदी की गंभीर हे नाव पुरतं वाचायच्या आतच कळायचं. अक्षराचा घाट अर्थाच्या आधी पोचतो. र. कृ. जोशी यांनी तर अक्षरांच्या मांडणीतूनच कविता रचल्या, आणि तेच र. कृ. पुढे संगणकावरच्या ‘मंगल’ या देवनागरी फाँटाचे कर्ते झाले.

* * *

डेव्हिड कार्सन मांडणी शिकून आलेला नव्हता, आणि हे त्याच्या पानांवर दिसतं. १९५५ साली टेक्सासमध्ये जन्मलेला हा माणूस समाजशास्त्राचा पदवीधर. शाळेत तोच विषय शिकवायचा, आणि व्यावसायिक पातळीवर सर्फिंग करायचा. ग्राफिक डिझाइनशी त्याची पहिली ओळख १९८० मध्ये दोन आठवड्यांच्या एका कार्यशाळेत झाली. नंतर स्वित्झर्लंडमध्ये हान्स-रुडोल्फ लुट्झ यांच्याकडे आणखी एक छोटा अभ्यासक्रम. स्केटबोर्डिंगचं मासिक, मग ‘बीच कल्चर’ नावाचं सहा अंकांत आटोपलेलं पण पारितोषिकांनी लदलेलं मासिक, आणि १९९२ मध्ये मार्व्हिन स्कॉट जॅरेट या प्रकाशकाने सुरू केलेलं ‘रे गन’.

‘रे गन’चं पान उघडलं की पहिल्यांदा गोंधळ दिसतो. एका स्तंभाची ओळ शेजारच्या स्तंभात घुसते. मजकूर छायाचित्रावर चढतो आणि गडद जागी दिसेनासा होतो. शीर्षकातली अक्षरं खरवडलेली, उलटी, अर्धी कापलेली. पण त्या वर्षांतलं अमेरिकी गिटारसंगीत ऐकलेलं असेल तर हा गोंधळ ओळखीचा वाटतो. त्या गाण्यांत आवाज मुद्दाम फाटू दिला जायचा, शब्द गिटारच्या गदारोळात बुडायचे, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या कानांनी शोधून काढायचे. कार्सनने वाचणाऱ्याला तेच करायला लावलं. मजकूर सहज हाती लागत नाही. थोडं झगडावं लागतं. मला हे प्रामाणिक वाटतं. ज्या संगीताविषयी लिहिलं आहे, त्याच्या पोताशी पान जुळतं.

याच्या नेमकं उलट मत १९३०च्या दशकारंभी बिॲट्रिस वॉर्ड यांनी मांडलं होतं. मुद्रणाची चांगली जाण असलेल्या वॉर्डबाईंचं म्हणणं असं, की छपाई स्फटिकाच्या पेल्यासारखी पारदर्शक असावी. आतल्या मद्याचा रंग दिसावा, पेला दिसू नये. अनेक पिढ्यांचे मुद्रक हेच मानत आले आणि पुस्तकांच्या बाबतीत मीही मानते. कादंबरी वाचताना टंक जाणवला तर काहीतरी चुकलं आहे. ‘रे गन’ला वाचक मिळत होते त्याच काळात, १९९३ मध्ये, स्टीव्हन हेलर या समीक्षकाने ‘आय’ या नियतकालिकात कुरूपतेचा पंथ अशा आशयाच्या मथळ्याखाली या साऱ्या नव्या प्रवाहावर कोरडे ओढले. वाद मोठा झाला. कार्सनची बाजू थोडक्यात अशी, की वाचता येणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वच्छ टाइपातला मजकूरही कुणापर्यंत न पोचता पडून राहू शकतो.

हे म्हणणं बरोबर आहे. पण फेरीच्या पानावर तो एक पाऊल आणखी पुढे गेला. इतर पानांवर झगडलं तर वाचता येत होतं. इथे झगडूनही नाही.

* * *

की येतं?

झाफ डिंगबॅट्स ही चिन्हं हेरमान झाफ या जर्मन अक्षरकाराची. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे जगभर वापरले जाणारे टंक त्याचेच. त्याने सत्तरच्या दशकात हजाराहून अधिक चिन्हांची रेखाटनं केली, त्यांतली निवडक १९७८ मध्ये बाजारात आली. अॅपलच्या १९८६ च्या ‘लेझररायटर प्लस’ छपाईयंत्रात जे ३५ फाँट आधीपासून भरलेले होते त्यांत हा होता, आणि म्हणून तो प्रत्येक मांडणीकाराच्या यादीत, झेड या आद्याक्षरामुळे तळाशी, जाऊन बसला. एरवी त्याचं काम किरकोळ: यादीतल्या मुद्द्याआधी ठिपका, पत्त्याआधी टेलिफोन, कूपनाच्या कडेला कात्री.

यातलं प्रत्येक चिन्ह कळफलकावरच्या एका ठरावीक कळीवर बसवलेलं आहे. लहान ‘ए’च्या जागी फूल, ‘एल’च्या जागी काळा गोल, ‘एन’च्या जागी काळा चौकोन, ‘एस’ला टोक वर केलेला त्रिकोण, ‘टी’ला टोक खाली केलेला. स्वल्पविरामाच्या कळीवर दोन बोटं उंचावलेला हात आहे आणि पूर्णविरामाच्या कळीवर पेन्सिल. मी घरच्या संगणकावर फेरीचं आडनाव टाइप करून त्यावर हा फाँट लावला. एक चौटोकी चांदणी, एक हिमकण, सावली असलेले दोन एकसारखे चौकोन, एक जाड उभी रेघ. ते दोन जुळे चौकोन म्हणजे त्याच्या नावातले दोन ‘आर’. हे एकदा समजलं की डोळे आपोआप जुळी अक्षरं शोधू लागतात, तीन चिन्हांचा सारखा येणारा पुंजका शोधू लागतात. इंग्रजीत सतत येणारं तीन अक्षरी उपपद इथे खालचा त्रिकोण, बारीक पाकळ्यांचं एक चिन्ह आणि हिमकण असं होतं.

आणि हिमकणच हिमकण. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं अक्षर ‘ई’, आणि त्याच्या कळीवर झाफने हिमकण ठेवलेला आहे. आजूबाजूच्या ‘डी’ आणि ‘एफ’वरही हिमकणच. त्यामुळे इंग्रजीतला कोणताही मजकूर या फाँटात लावला की पानावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. कार्सनने हे ठरवून केलेलं नसणार. भाषेच्या अंगच्या सवयीने पानाचा पोत ठरवला. अर्थ गेला तरी इंग्रजीची चाल पानावर राहिली.

पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्या एका गृहस्थांना मी या पानाचं चित्र दाखवलं. पस्तीसेक वर्षं ते हेच काम करत आहेत. खिळ्यांचे केस त्यांनी पाहिले आहेत, मग फोटोकंपोझिंग, मग डीटीपी. त्यांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्या मशीनवर फाँट नाहीये. फाइल ठीक असणार. मूळ फाँट लावा, सगळं दिसेल.” हे पान मुद्दाम असं केलंय हे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं, आणि मग थोडं वाईटही. म्हणाले, “आमची निम्मी जिंदगी हे सरळ करण्यात गेली.”

त्यांचं म्हणणं मराठीत छपाईचं काम केलेल्या कुणालाही कळेल. १९९०च्या दशकात आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम असे निरनिराळे संच आले. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीने ते आपल्या मर्जीने बसवलेले. लेखकाची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी आडव्यातिडव्या खुणांचा रतीब. कविता असो, अग्रलेख असो की एखाद्या गायिकेची मुलाखत, फाँट नाही म्हणजे भाषा नाही. मजकूर मात्र आत शाबूत. कार्सनने केलं ते तांत्रिकदृष्ट्या हेच आहे. त्याने फेरीचं बोलणं पुसलं नव्हतं, त्याच्यावर चुकीचा फाँट चढवला होता. अमेरिकेतल्या वाचकाला जी गंमत वाटली, ती मराठी, हिंदी, बंगाली लिहिणाऱ्यांना त्याच वर्षांत रोजची डोकेदुखी होती. त्यामुळे त्या पानावर मी अमेरिकेतल्या वाचकाइतकी मोकळेपणाने खूश होऊ शकत नाही. न दिसणारा मजकूर म्हणजे काय असतं हे आपण मर्जीविरुद्ध शिकलेलो आहोत.

* * *

आता ज्याचं बोलणं झाकलं गेलं त्या माणसाकडे वळलं पाहिजे. किस्सा सांगणारे बहुतेक जण फेरीला एका नावापलीकडे जागा देत नाहीत, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

ब्रायन फेरी १९४५ साली इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन या कोळसाखाणींच्या गावात जन्मला. वडील खाणीतल्या घोड्यांची देखभाल करायचे. तिथून तो न्यूकॅसलला कलाशिक्षणासाठी गेला आणि तिथे त्याला शिक्षक मिळाले रिचर्ड हॅमिल्टन, ब्रिटिश पॉप आर्टचे आद्य प्रवर्तक. जाहिराती, मासिकांतली चित्रं, मोटारगाड्या, सिनेतारका यांच्याकडे गंभीर कला म्हणून बघायला हॅमिल्टन यांनी शिकवलं. १९६८ मधलं बीटल्सच्या अल्बमचं संपूर्ण पांढरं आवरणही त्यांचंच. फेरीने काही काळ लंडनच्या शाळेत मातीकाम शिकवलं आणि मग ‘रॉक्सी म्युझिक’ हा गट काढला. १९७२ च्या पहिल्या अल्बमपासून त्यांची आवरणं फॅशनच्या मासिकांसारखी: एक स्त्री, झळझळीत कपडे, कृत्रिम प्रकाश. १९७४ च्या ‘कंट्री लाइफ’चं आवरण तर इतकं उघडंवाघडं ठरलं की अमेरिकेत सुरुवातीला ते अपारदर्शक हिरव्या वेष्टणात विकावं लागलं.

म्हणजे ज्याची मुलाखत चिन्हांखाली झाकली गेली तो स्वतः चित्रकलेचा विद्यार्थी होता, पृष्ठभागाचा जाणकार होता, आणि वीस वर्षांपूर्वी त्याचं एक आवरण अमेरिकेत झाकलं गेलेलं होतं. १९९४ मध्ये त्याचा ‘मॅमूना’ हा अल्बम आला. बरीच वर्षं रेंगाळलेला, थरावर थर चढवून घोटलेला. आवाज इतका मऊ, इतका दूरचा, की गाणारा माणूस कुठे आहे असं वाटावं.

आता पुन्हा त्या पानाकडे बघू. ‘रे गन’च्या इतर पानांवर जी झटापट आहे ती इथे नाही. झाफची चिन्हं नीटस आहेत, एकसारख्या वजनाची, शोभिवंत. ओळी शांत. सगळं सुंदर आणि आत जायला वाट नाही. फेरीच्या संगीताविषयी त्याचे चाहते आणि टीकाकार दोघेही जे म्हणत आले, तेच हे पान म्हणतं: देखणा पृष्ठभाग, बंद दार. कंटाळून केलेल्या मांडणीने त्या गायकाचं एक अचूक चित्र काढलं. त्या अर्थाने ही त्या अंकातली समीक्षा होती, आणि ती लेखकाने लिहिलेली नव्हती.

पण इथे मी थांबते. गायकाची प्रतिमा आवरणांवर असते, जाहिरातीत असते, मंचावर असते. ती मोडायची संधी त्याला एकाच जागी मिळते, जेव्हा तो साध्या माणसासारखा कुणाशी बोलतो आणि ते बोलणं छापलं जातं. खाणीच्या गावातला मुलगा त्या मऊ आवाजामागून डोकावला तर तो मुलाखतीतच डोकावणार. उत्तरं रटाळ असली तरी त्यांत एखादं वाक्य असतं, वडिलांविषयीचं, घोड्यांविषयीचं, चाळिशी उलटल्यावर आवाज कसा बदलला याविषयीचं. असं वाक्य त्या मुलाखतीत होतं की नव्हतं हे ठरवण्याचा हक्क वाचकाचा. मांडणीने प्रतिमेला दुजोरा दिला आणि माणसाला प्रतिमेत कोंडलं.

आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांपुढे येतं. पलुस्करांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी ‘संगीत कला विहार’ मासिकात गवयांविषयी लेख लिहिले, तेच पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आले. त्यांत फकिरासारखे भणंग राहणारे सिंदे खाँ आहेत, बडे गुलाम अली खाँ आहेत. या माणसांनी विद्या कशी मिळवली, कुणाला दिली, कुणाला नाकारली, हे पुष्कळसं फक्त तिथेच उरलं आहे. तिथली भाषा साधी आणि सजावट जवळपास नाहीच. त्या मजकुरावर कुणी मांडणीकाराने असा पडदा टाकला असता तर आपलं केवढं नुकसान झालं असतं! वॉर्डबाईंचा पारदर्शक पेला तिथे हवाच. गवई मेला की त्याचं बोलणं ऐकायला दुसरी जागा नसते.

मग कार्सनचं पान मी नाकारते का? नाही, आणि त्याला एक ठोस कारण आहे, जे किस्सा सांगताना बहुतेक जण गाळतात. त्याच अंकाच्या शेवटी ती मुलाखत संपूर्ण, वाचता येईल अशा टाइपात छापलेली होती. पुढे निषेध, मागे मजकूर. वाचकाने पुढचं पान बघून हसावं, वैतागावं, आणि हवं असेल तर मागे जाऊन फेरीचं म्हणणं वाचून कार्सनशी भांडावं. मुलाखत कंटाळवाणी आहे हे मत कार्सनने साऱ्या जगासमोर मांडलं, आणि ते तपासण्याचं साधन वाचकाच्या हातात ठेवलं. उचललेल्या एका वाक्याने माणसाचं व्यंगचित्र करणाऱ्या शेकडो सभ्य, स्वच्छ, वाचनीय जोडपानांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवलेला नाही. ती मागची पानं नसती, तर मी त्याला मुजोरी म्हटलं असतं.

मांडणी शिकवणाऱ्यांनी म्हणूनच ही दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवायला हवीत. विद्यार्थ्यांना नेहमी पुढचंच दाखवलं जातं, आणि त्यांना वाटतं की धाडस तेवढंच.

कार्सन १९९५ मध्ये ‘रे गन’ सोडून गेला. त्याच वर्षी त्याच्या कामावरचं, छापील माध्यमाचा शेवट सुचवणाऱ्या नावाचं पुस्तक लुइस ब्लॅकवेल या लेखकासोबत आलं आणि प्रचंड खपलं. मासिक २००० मध्ये बंद पडलं. झाफची चिन्हं मात्र वाढत गेली. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले तेव्हाच या चिन्हांनाही दिले, आणि आज आपल्या फोनमधली कात्री, विमान, पाकीट, दोन बोटांचा हात आणि हिमकण त्याच संचातून आले आहेत. यात एक बारीक फरक पडला आहे. १९९४ च्या त्या फाइलमध्ये हिमकणाच्या आत ‘ई’ जिवंत होता. फाँट बदलला की फेरी बोलू लागायचा. आज कुणी तेच पान युनिकोडच्या चिन्हांनी जुळवलं तर हिमकण हा फक्त हिमकण असेल, आणि फाँट कितीही बदलले तरी खालून एक अक्षर निघणार नाही.